भर दुपारची सांज

भाद्रपद लागला की नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत डासांच्या धुराचं यंत्र येतं. आधी त्याची फटफट ऐकू येते. मग कोपऱ्यावरची इस्त्रीवाल्याची टपरी दिसेनाशी होते, मग समोरची भिंत, मग आमचंच फाटक. मुलं त्या धुरात शिरून ओरडतात आणि थोडा वेळ फक्त त्यांचे आवाज उरतात, मुलं नसतात. मी खिडक्या लावून घेते, दाराच्या फटीशी ओलं फडकं सरकवते आणि धूर ओसरला की बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहते. स्वतःच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघते. दिव्याकडे तोंड केलं की त्या लहान होतात, डोळ्यांवर हाताची सावली धरली की मोठ्या होतात. दोन-तीनदा असं करून खात्री पटली की मग चहा ठेवते.

"डासाचा धूर आहे तो," माझा नवरा म्हणतो. तो नागपुरातच जन्मला, नागपुरातच वाढला. "तुले काय होते त्यानं? तू काय डास आहेस?"

मी हसते. त्याला सगळं सांगून झालेलं आहे. पण ऐकलेल्या गोष्टीला वास नसतो.

आमचं गाव कळमेश्वरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. पुस्तकात खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम असतात, मी शाळेत तसंच शिकवते. पण आमच्या घरात तिसराही एक हंगाम होता, फवारणीचा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तो चालायचा. त्याचं येणं वासावरून कळायचं. गोठ्यात खुंटीला टांगलेला पंप खाली उतरला, की घासलेट, लसूण आणि गंजलेलं लोखंड एकत्र केल्यासारखा वास अंगणात यायचा आणि चार दिवसांनी तो वास आहे हे आम्ही विसरून जायचो. पंपाशेजारच्या खुंटीवर फवारणीचा शर्ट. चांगले कपडे खराब होऊ नयेत म्हणून तो वेगळा ठेवलेला असे. आणि वेगळा होता म्हणूनच तो कुणी धूत नसे. रोज तोच अंगात, रोज तोच खुंटीवर. हंगामाच्या शेवटी तो इतका कडक होई की खाली ठेवला तर काही क्षण उभा राहायचा, आत कुणी असल्यासारखा.

तो शर्ट मधुकाकाचा. मधुकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जात, त्यामुळे वावर सगळं काकाच्या अंगावर. शिक्षण चौथीपर्यंत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पोरगी पाहाले गेलो होतो. थे मले पाहून हासली, मी तिले पाहून हासलो. हासण्यातच मुहूर्त गेला." बारावीनंतर मला घरी बसवायचं की नाही यावरून घरात आठ दिवस अबोला होता. तो काकानं मोडला. "तिले बसवून कायले ठेवतं? कॉलेजात जाऊ दे न," एवढंच तो वडिलांना म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला सायकल घेऊन दारात उभा राहिला. फाट्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत मी मागे कॅरिअरवर बसायची, मांडीवर बॅग. तीन वर्षं. आज मी जी काही आहे ती त्या कॅरिअरवर बसून झाले आहे.

आमच्याकडे फवारणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या वावरात, उद्या आमच्या. काका उंच, हात स्थिर, त्यामुळे पंप नेहमी त्याच्या पाठीवर आणि पाणी वाहायला दुसरे. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी औषधाचा डबा घेऊन माणसं आमच्या अंगणात यायची. हो, औषधच म्हणायचो आम्ही, विष हा शब्द फक्त साप आणि पोलीस यांच्यासाठी होता. काका डबा माझ्या हातात द्यायचा.

"वाच वं, काय म्हणते थे."

मी वाचायची. एकराला इतकं, इतक्या पाण्यात. माणसं त्याचं झाकण-झाकण आणि पंप-पंप असं गणित करायची. डब्यावर एक चौकट असे, तिच्यात खालचा त्रिकोण रंगीत. "लाल हाये म्हंजे पावरबाज," शेजारचा रामाजी म्हणायचा, आणि हिरव्या त्रिकोणाची बाटली त्याला पुचाट वाटायची. डब्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, घडी घातलेला कागद असे, दोन्हीकडून मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला. तो कुणी उघडत नसे. चूल पेटवायला चांगला. मीही त्याची घडी कधी मोडली नाही. मला माप विचारलं जाई आणि मी माप सांगत असे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. चार मोठी माणसं उकिडवी बसून माझं इंग्रजी ऐकत, यात मला फार मोठेपण वाटायचं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे मारबत काढली. पळसाच्या डहाळ्या घेऊन पोरं घराघरातून ओरडत शिवेकडे गेली, "खोकला, खाज, किडा, मुंगी घेऊन जा गे मारबत." शिवेबाहेर डहाळ्या फेकल्या आणि मागे न बघता परत आली. मागे बघायचं नसतं. मला मात्र त्या पहाटे उगाच वाटलं, की शिवेपलीकडे इतक्या वर्षांचं जे जे आपण फेकलं ते कुठे जात असेल? तिकडेही वावरंच आहेत. रामाजीचं वावर शिवेला लागूनच होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात, रविवारी, मी त्या वावरात शिदोरी घेऊन गेले.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी माजली होती. माझ्या डोक्याच्या वर. आत शिरलं की वर आभाळाची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना पानंच पानं. आधी मला काय चुकतंय ते कळेना. मग लक्षात आलं, आवाज नाही. भाद्रपदातलं वावर कधी गप्प नसतं. किरकिर, भुणभुण, कुठे तरी एखादा नाकतोडा. इथे काहीच नव्हतं. माझ्या पायाखाली पाचोळा मोडत होता तेवढाच. वाटेत एक पिवळं फुलपाखरू जमिनीवर बसून पंख उघडत-मिटत होतं, पण इतकं सावकाश, की कुणीतरी ते दोरीनं ओढतंय असं वाटावं. वारा पडलेला. समोर, पानांच्या वर, पांढरं धुकं तरंगत होतं आणि त्या धुक्यातून फक्त काकाचं डोकं सरकत येत होतं. धड नव्हतं. टॉवेल बांधलेलं एक डोकं, पऱ्हाटीवरून तरंगत.

"आली वं? मोठी लवकर आली आज," डोकं म्हणालं.

"लवकर कुठली काका, एक वाजून गेला."

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली त्यानं पंप उतरवला. पाठ ओली, शर्टाची डावी बाजू दुधासारख्या पाण्यानं पांढुरकी झालेली. पंप गळत होता. सकाळपासून गळत होता, पण अर्धं वावर राहिलं होतं आणि सावडीचं काम अर्धं टाकत नाहीत. त्यानं हात पँटला पुसले, खिशातून खर्र्याची पन्नी काढली, चिमूटभर तोंडात टाकला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. फवारताना काका तो दर दोन पंपांनी खायचा. त्याच बोटांनी, त्याच खिशातून.

"एक वाजला?" त्यानं वर बघितलं. "मंग असं अंधारल्यावानी काहून होऊन राहिलं? सांज झाल्यावानी लागते मले."

मीही वर बघितलं. ऊन असं होतं की माझी सावली माझ्या पायांखाली गोळा झाली होती.

रामाजी पाण्याची कळशी ठेवून हसला. "अबे, खर्रा लागला तुले. किती डाव सांगतलं, उपाशीपोटी तोंडात नोको कोंबू."

आमच्याकडे हे प्रत्येकाला माहीत आहे. कडक खर्रा लागला की घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, गरगरतं, ओकारी येते. लागलेल्या माणसाला गूळ देतात, पाणी देतात, सावलीत आडवं करतात आणि त्याची टिंगल करतात. अर्ध्या तासात तो उठून शिव्या देतो. इतकं नेहमीचं. त्यामुळे रामाजीनं आपल्या शिदोरीतला गुळाचा खडा काकाला दिला आणि काका आडवा झाला. घाम आला, येणारच होता. तोंडातून लाळ आली, येणारच होती. मग नाक वाहू लागलं, डोळ्यांतून पाणी.

"रडून राहिला काय गा?" रामाजी म्हणाला. "बायको नाही, पोरं नाही, तुले रडाले काय झालं?"

"तुयासाठी रडतो. मी मेलो तं तुयी पऱ्हाटी कोन फवारन?"

दोघं हसले. मीही हसले. त्या हसण्यात माझा आवाज होता, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

काकाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. त्याच्या पोटरीवर काहीतरी चालताना दिसलं. मुंगळा असेल म्हणून मी हातानं झटकलं. हाताला काही लागलं नाही. पुन्हा बघितलं तर ते कातडीवर नव्हतं, कातडीच्या आत होतं. बारीक बारीक लाटा, एकीच्या मागे एक, पोटरीतून मांडीकडे जाणाऱ्या. तसंच डाव्या पापणीत. तसंच गालात. काका हलत नव्हता, पण त्याच्या आत काहीतरी वाट शोधत फिरत होतं.

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळे पाहिले. बाहुल्या नव्हत्या. नीट पाहिल्यावर दिसल्या, टोक काढलेल्या पेन्सिलीनं नुसता ठिपका ठेवावा तशा. डोळ्याची आकृती मी पाठ केलेली होती. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान. ज्याला सांज झाल्यासारखी वाटतेय, त्याच्या बाहुल्या मोठ्या पाहिजेत. हे उलटं होतं. अंधार बाहेरून आलेला नव्हता. त्या दोन छिद्रांतून आत उजेडच जात नव्हता.

"रामाजीकाका," मी म्हटलं, "हा खर्रा नाही."

पुढचं सगळं भराभर झालं आणि जवळजवळ सगळं चुकीचं झालं. रामाजी टेम्पो आणायला धावला. निरोप पोचून आई वावरात आली तेव्हा तिच्या हातात तांब्याभर दूध होतं, दुधानं उतरतं म्हणतात. काकानं ते तसंच ओकून टाकलं आणि ठसक्यानं त्याचा श्वास अडकला. घामानं तो थंड पडला होता, थरथरत होता, म्हणून आईनं त्याला गोधडीत घट्ट गुंडाळलं. त्या शर्टासकट. ओला शर्ट, त्यावर गोधडी, आणि गोधडीतलं ते डोकं माझ्या मांडीवर. वाटेत त्याच्या छातीतून घरघर येत होती, हुक्क्यात पाणी बोलावं तशी. आई म्हणत होती, "मधू, झोपू नोको रे. मधू, माह्याकडे पाय." तो तिच्याकडेच बघत होता, पण मधे कुणीतरी उभं असल्यासारखा.

कळमेश्वर जवळ आलं तेव्हा मला वाटलं, खरंच सांज होतेय. रस्त्याकडेची झाडं काळसर, दुकानांच्या पाट्या अंधुक. माझं नाक वाहत होतं, कपाळ दुखत होतं. मी आईला म्हटलं, "किती वाजले वं आई, दिवे काहून नाही लावले कोणी?" आईनं माझ्याकडे बघितलं ते मला दिसलं नाही, पण तिची बोटं माझ्या मनगटावर रुतली ती कळली.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी वाकून वास घेतला, मग डोळे बघितले, आणि तिसऱ्या क्षणी कात्री मागितली.

"हा शर्ट अजून अंगावर का आहे?"

आम्हाला घाई होती. काकाला दवाखान्यात पोचवायची इतकी घाई, की ज्यानं त्याला मारायला घेतलं होतं ते सोबत गुंडाळून आणलं. रबरी हातमोजे घातलेल्या दोघांनी त्याला साबणानं धुतलं. केस, कानांमागे, काखा, नखांच्या आत. तोवर एकीकडे सलाईन, एकीकडे इंजेक्शन. "कोणतं औषध होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वाचणारी मी होते. मी डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. मला माप आठवलं. नाव आठवलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नावासाठी थांबता येत नाही. शरीर सांगतंय सगळं." मग माझ्या हनुवटीला धरून त्यांनी मला उजेडाकडे वळवलं. "आणि तूही ओढणी काढ, जा, साबणानं अंघोळ कर. सिस्टर, हिचेही डोळे बघा."

आता मी नागपुरात असते, तरी हा हंगाम आला की गावाकडून फोन येतात. मी डॉक्टर नाही, हे मी दर वेळी आधी सांगते. परवा दुपारी मधल्या सुट्टीत रामाजीच्या सुनेचा आला. "ताई, यांले गरगरून राहिलं. हे म्हणतेत खर्रा लागला."

"फवारत होते का?"

"हो न. सकाळपासून."

"मग खर्रा म्हणू नको. आधी वावरातून बाहेर काढ, वारा येतो त्या बाजूला. सगळे कपडे काढ."

"सगळे? धुऱ्यावर? मानसं हायेत वं ताई."

"असू दे माणसं. तुझ्या हातांना पन्नी गुंडाळ आणि साबण लावून भरपूर पाण्यानं धू. डोक्यापासून. पण त्याच्यात वेळ नको घालवू, दुसऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करू दे. तोंडात काही घालू नको. गूळ नाही, दूध नाही, ओकायलाही लावू नको. ओकारी आलीच तर कुशीवर वळव. आणि डबा सोबत ने. कागदासकट."

फोन ठेवल्यावर वर्गात जाऊन मी परागीभवन शिकवलं. तो वाचला, संध्याकाळी कळलं. मधल्या तासात मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

काकाला त्या रविवारी दुपारीच कळमेश्वरहून नागपूरला आणलं. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या त्या वॉर्डात शिरताना मला वाटलं, आम्ही वावरातच परत आलो. तोच वास, फिका. खाटांवर आमच्यासारखीच माणसं. कुणी काटोलकडचं, कुणी उमरेडकडचं, प्रत्येकाच्या पायथ्याशी एक बाई. एक पोलीस येऊन प्रत्येकाला तेच विचारत होता, "घेतलं का लागलं?" त्या दोन शब्दांमधली जागा फार अरुंद आहे. घेतलं म्हटलं की माणूस जगला तरी गावात वेगळ्या नजरेनं बघितला जातो. लागलं म्हटलं तर अर्धं गाव मान हलवतं आणि मनात घेतलंच म्हणतं. आई पुन्हा पुन्हा सांगत होती, "लागलं साहेब, लागलं. हासून राहिला होता तो."

संध्याकाळपर्यंत इंजेक्शनांनी उलटं केलं. तोंड कोरडं ठाक, अंग तापलेलं, आणि बाहुल्या पसरून एवढ्या झाल्या की डोळ्यांत रंगच उरला नाही. घुबडाचे डोळे. त्या डोळ्यांनी काका वर बघू लागला आणि मग त्याचे हात उठले. दोन्ही हात, आळीपाळीनं. हवेतून काहीतरी चिमटीनं ओढून काढायचं, कमरेशी आणून टाकायचं. पुन्हा वर. बघताक्षणी कळलं. तो कापूस वेचत होता. कमरेला बांधलेल्या, नसलेल्या ओटीत टाकत होता. वावरात अजून एकही बोंड फुटलेलं नव्हतं.

"उतारा म्हणून दिलेल्या इंजेक्शनाचा असर आहे," सिस्टर म्हणाल्या. "घाबरू नका. त्याला बोलत राहू द्या."

"तिकडली ओळ घे वं," काका मला म्हणाला. "माह्या मागं नोको येऊ. थे मानसं उभे हायेत तिकडं, त्यायले जाऊ दे आधी."

मी मागे बघितलं. भिंत होती. मी तरीही थोडी बाजूला सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या गाडीनं, रामाजी आला. दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेलं. तो डबा होता. आदल्या दिवशी त्यानं तो तुराट्यांच्या ढिगाखाली पुरला होता. "मले वाटलं पोलीस मलेच धरतीन," तो म्हणाला. "वावर माहं, औषध माहं. रातभर वाटे, ढिगाखालून कोनी हाक मारून राहिलं." त्याला पाणी देऊन मी डबा सिस्टरांना दिला. त्यांनी नाव उतरवून घेतलं आणि डबा परत केला. मी व्हरांड्यात जमिनीवर बसले, डब्यातला कागद काढला आणि त्याची घडी पहिल्यांदा मोडली.

डोकेदुखी. चक्कर. अंधुक दिसणे. अति घाम. लाळ, अश्रू, नाक वाहणे. मळमळ, उलटी. बाहुल्या आकसणे. स्नायूंचे थरथरणे. श्वास घेण्यास त्रास. ओळीनं लिहिलेलं होतं. बाभळीखालची आमची दुपार, जवळजवळ त्याच क्रमानं. आम्ही तिथे पोचायच्या कितीतरी आधी ती कुठल्या तरी छापखान्यात छापून, घडी घालून, डब्यात ठेवलेली होती. खाली लिहिलं होतं, दूषित कपडे त्वरित काढा. वाचताना माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. काकालाही नाही. म्हटलं, आधी तो बरा होऊ दे.

तिसऱ्या दिवशी तो बरा दिसला. वेचणं थांबलं होतं, आईला ओळखत होता. सगळ्यांचे चेहरे सुटले. आई घरी जाऊन येते म्हणाली. काकानं चहा मागितला.

"बसवून दे वं मले."

मी कप घेऊन वाकले आणि वाट बघितली. तो हसत होता. डोकं उशीवरून उठलं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला, गळ्याच्या शिरा दिसल्या, खांदे किंचित हलले, डोकं तिथेच. देठ मोडल्यावर बोंड जसं लोंबतं तशी ती मान. "उशी धरून राहिली काय गा मले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नाकातून आला.

या खेपेला मी हसले नाही. कप खाली ठेवून मी धावत गेले. "सिस्टर, यांची मान उचलत नाही." त्या औषधं मोजत होत्या, हातातलं तसंच टाकून आल्या. डॉक्टर आले. त्यांनी काकाला एका श्वासात आकडे मोजायला लावले. तो नऊपर्यंत गेला. थोड्या वेळानं पुन्हा लावले. सहा. पुन्हा. चार, आणि चारच्या पुढे त्याचे ओठ पाच म्हणाले पण आवाज आला नाही. "बरं झालं आत्ताच सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. श्वासाचे स्नायू मागाहून थकतात कधी कधी, माणूस सावरला असं वाटत असतानाच. त्यांनी त्याला आत नेलं आणि यंत्राला जोडलं.

बारा दिवस त्याच्या वतीनं यंत्रानं श्वास घेतला. काचेतून दिसायचं, छाती वर, छाती खाली, अगदी सारख्या अंतरानं. काका कधीच असा श्वास घ्यायचा नाही. त्याचा श्वास बोलण्यात, हसण्यात, शीळ घालण्यात अडखळत चालायचा. मला वाटायचं, आत कुणीतरी दुसरंच झोपलंय काकाचं अंग पांघरून. मी रोज बघायला जायची आणि त्या सारख्या अंतरात कुठे चूक होते का याची वाट बघायची. तेराव्या दिवशी झाली. यंत्र खाली असताना छाती स्वतःहून वर आली.

वॉर्डात परत आणलं तेव्हा त्याचा आवाज खरखरीत झाला होता. पहिलं वाक्य रामाजीला, "अर्धं वावर राहिलं न रे तुयं." रामाजी दुपट्ट्यात तोंड खुपसून बसला. दुपारी माणसं जेवायला गेली आणि मी आणि काका दोघंच उरलो. मी वहीतून तो कागद काढला. आता सांगायला हवं होतं.

"काका, डब्यात हा कागद होता."

"इंग्रजीचा."

"इंग्रजीचाही आहे. पण मागच्या बाजूला मराठीत पण आहे. सगळं."

त्यानं हात पुढे केला. कागद लांब धरला, जवळ धरला, मग एका अंतरावर थांबला. ओळीखाली बोट ठेवलं. "दू-षित... कप-डे... त्व-रित..." तो शाळेतल्यासारखा वाचत गेला. एक ओळ पूर्ण झाली. बोट तिथेच राहिलं.

"मंग हे तं मले वाचता येत होतं," तो म्हणाला.

कागद त्याच्या हातात थरथरत होता. हात अजून तसेच थरथरायचे.

"म्या म्हनो, घरात शिकलेली पोरगी हाये, मी कायले डोळे फोडू. तू वाचाले बसली का चार मानसं गुमान ऐकत. मले बरं वाटे." त्यानं कागद माझ्याकडे दिला. "वाच आता. माप सोडून दे. बाकीचं पुरं वाच, जोऱ्यानं."

मी वाचू लागले. डोकेदुखी, चक्कर. काकानं "हूं" म्हटलं, पोथी ऐकताना म्हणतात तसं. अंधुक दिसणे. "हूं." तो दुसरा आवाज पलीकडच्या खाटेवरून आला. तिथल्या माणसानं डोळे उघडले नव्हते. अति घाम, लाळ. आता तीन आवाज आले, दाराजवळचा उठून बसला होता. प्रत्येक लक्षणाला ती माणसं होकार देत गेली, हळू, एकामागून एक, आपल्याच अंगावरून गेलेली गोष्ट कुणीतरी वाचून दाखवावी आणि खूण पटावी तसा. खिडकीजवळची खाट सकाळीच रिकामी झाली होती. गादी गुंडाळून ठेवलेली. स्नायूंचे थरथरणे, मी वाचलं. तीन हुंकार आले. त्या रिकाम्या खाटेवरून चौथा येईल एवढा वेळ मी थांबले, आणि मग पुढची ओळ घेतली.